एक घरचा, एक मांडवातला

रोलँड घ्या, कॉर्ग घ्या, नाहीतर पोटाला चिमटा काढून यामाहाचा मोठा सिंथ घ्या. गणपतीच्या मांडवातला कार्यकर्ता त्याला 'कॅसिओ'च म्हणणार. 'कॅसिओवाले भाऊ आले का?' असं माइकवरून विचारलं गेलं की हात वर करायचा आणि मुकाट्याने पुढे व्हायचं. वाद घालण्यात अर्थ नसतो. कॅसिओ कंपनीने १९८० मध्ये पहिला कॅसिओटोन बाजारात आणला, मग त्यांचे लहान-मोठे कीबोर्ड घराघरांत गेले, आणि फोटोकॉपीचं जसं झेरॉक्स झालं तसं कीबोर्डचं कॅसिओ झालं. नाव एकच पडल्यामुळे वस्तूही एकच असावी, असं घरच्यांना वाटतं. एकदा घेऊन दिला ना? मग त्यावरच घरी गाणी कर आणि तोच उचलून कार्यक्रमाला जा.

पहिलं वर्ष हे चालतं. दुसऱ्या सीझनला मात्र कॉलेजच्या बँडमधला प्रत्येक कीबोर्डवाला कधी ना कधी हा प्रश्न घेऊन बसतो: स्टुडिओसाठी वेगळा आणि लाइव्हसाठी वेगळा, असे दोन ठेवायचे का? बाबांसमोर हा विषय काढणं सोपं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने तो 'एक गाडी असताना दुसरी गाडी' असा आहे. पण प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर नागपुरात थोडं वेगळं येतं.

वर्षभराचा रगाडा

आपल्याकडच्या वादकाचं वर्ष कसं जातं बघा. पोळा झाला, मारबत निघाली की लगेच गणपती. मग नवरात्र आणि गरबा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गर्दी, आणि त्याच्या आगेमागे वस्त्यावस्त्यांत भीमगीतं-बुद्धगीतांचे कार्यक्रम. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू, म्हणजे संगीत आणि रिसेप्शन. हिवाळ्यात गॅदरिंग, कॉलेजांचे फेस्ट, क्रीडा चौकात ईश्वर देशमुख कॉलेजच्या मैदानावर खासदार सांस्कृतिक महोत्सव. एप्रिलमध्ये १४ तारखेची धामधूम, आणि मे महिन्यात पुन्हा लग्नतिथी. मधल्या वेळात वसंतराव देशपांडे सभागृहात नाहीतर रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात कुणाच्या तरी जुन्या गाण्यांची मैफल असतेच.

ज्यांचे पाय त्याही पलीकडे वळतात ते झाडीपट्टीत जातात. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातल्या गावांत खेळ करतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं, अधूनमधून गाणी, लावणी, आणि वादक मंचासमोर बसून रात्रभर जागे. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला या रंगभूमीचं नाव कळलं. विदर्भातल्या वादकांच्या किती तरी चुली तिच्यावर आधीपासून पेटत आल्या आहेत. पूर्वी तिथे ऑर्गन आणि हार्मोनियम असायची. आता जोडीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले.

आता या सगळ्यात तुमचा एकुलता एक कीबोर्ड कुठे असतो? बॅगेत. गाडीच्या डिकीत. मित्राच्या घरी, कारण रात्री दोनला तुमच्या वस्तीपर्यंत यायला ऑटो नव्हता. घरी असतो तेव्हाही दारामागे भिंतीला टेकवून ठेवलेला, कारण उद्या परत न्यायचाच आहे.

माझ्या मते दोन कीबोर्डांचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे. आवाज, कीज, ब्रँड ही चर्चा नंतरची. घरी काम करायचं तर कीबोर्ड टेबलावर, यूएसबी लॅपटॉपमध्ये, ऑडिओ इंटरफेसला वायरी, हेडफोन, पेडल हे सगळं लावलेलं हवं. सुचतं तेव्हा दोन मिनिटांत लाल बटण दाबता आलं पाहिजे. दर वेळी स्टँड उघडा, अडॅप्टर शोधा, कालच्या गर्दीत राहून गेलेली सस्टेन पेडल आठवा, मग सॉफ्टवेअरला कीबोर्ड दिसत नाही म्हणून पुन्हा काढून लावा, एवढं केल्यावर चाल डोक्यातून निघून गेलेली असते. सप्टेंबरमध्ये सुचलेला मुखडा डिसेंबरमध्ये मोबाइलच्या व्हॉइस रेकॉर्डरवर गुणगुणलेल्या अवस्थेतच सापडतो. आपल्या शहरात लोकांची गाणी हुबेहूब वाजवणारे हात खूप आहेत. स्वतःचं गाणं पूर्ण करून बाहेर काढणारे त्या मानाने फार कमी दिसतात. याला वायरी लावण्याचा कंटाळा हे एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही, पण ते छोटंही नाही.

मे महिन्यातली डिकी

मॅन्युअल कोणी वाचत नाही. यामाहाच्या कीबोर्डसोबत येणारं मॅन्युअल एकदा उघडून पाहा. वाद्य ५ ते ४० अंश सेल्सिअसमध्ये चालेल असं त्यात लिहिलेलं सापडेल. मे २०१३ मध्ये नागपूरचं तापमान ४७.९ अंशांवर गेलं होतं. तेवढं रोज जात नाही हे खरं, पण ४४-४५ आपल्याला नवीन नाही, आणि तो आकडा सावलीतला. उन्हात उभ्या गाडीच्या बंद डिकीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. पत्र्याच्या मंडपाखाली संध्याकाळी पाचचा साउंड चेक असेल तर वाद्याचं काळं प्लास्टिक हाताला चटका देतं, डिस्प्ले काळवंडतो. लॅपटॉपवर आवाज चालवणारे असाल तर तुमच्यासारखाच तोही घामाघूम होतो: पंखा घरघरतो, प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि ऐन अंतऱ्यात आवाजाला टरटर सुटते.

उन्हाळा सोडा. विसर्जनाच्या दिवशी गुलाल. तो कीजच्या फटींतून आत जातो आणि आतच राहतो. कीखाली रबरी काँटॅक्ट असतात. की किती जोरात दाबली हे त्यांच्यावरून कळतं. त्यांच्यात धूळ बसली की एखादा सूर मुका होतो, नाहीतर हळू दाबला तरी किंचाळून उठतो. लग्नात कोणीतरी नाचत-नाचत येऊन कीबोर्डवर थंड पेयाचा ग्लास ठेवतो. ठेवतोच. मंडपातल्या प्लगला अर्थिंग असेलच असं नाही, जनरेटर सुरू होताना व्होल्टेज उडी मारतं. झाडीपट्टीत पहाटेपर्यंत दव पडतं.

ज्या वाद्यात तुमचं दोन वर्षांचं काम साठवलंय, ते वाद्य या सगळ्यात न्यायचं का? मांडवात जाणारा कीबोर्ड असा हवा की त्याला खरचटलं तर जीव हळहळेल पण झोप उडणार नाही.

वजन हा विनोद नाही

कंपन्यांनाही हे दोन उपयोग वेगळे आहेत हे कळतं. यामाहाने २०१६ मध्ये माँटाज आणला. ६१ कीजचा माँटाज ६ हा १५ किलोंचा. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, त्यांनी एमओडीएक्स आणला. आवाज तयार करण्याच्या मूळ पद्धती दोन्हींत त्याच. पण एमओडीएक्स ६ भरतो ६.६ किलो आणि पैसेही बरेच कमी लागतात. जे वजन कमी झालं त्यात मुख्यतः बांधणी आणि कीबेड आहे. घरी टेबलावर ठेवायच्या वाद्याच्या कीज भारदस्त, बोटांना उत्तर देणाऱ्या असल्या तर बरं. चार मजले चढवायच्या वाद्याच्या बाबतीत आधी पाठीचा विचार करावा.

रोलँडच्या जुनो-डीएसचंही असंच. ६१ कीजचा डीएस६१ सव्वापाच किलोंच्या आसपास आहे आणि तो आठ पेन्सिल सेलवरही चालतो. नागपुरात लाइट कधी जाईल याचा भरवसा नसलेल्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. त्याच मालिकेतला ८८ कीजचा डीएस८८ पियानोसारख्या जड कीजचा, म्हणून तो सोळा किलोंवर जातो. ६१ कीजचा कीबोर्ड साधारण मीटरभर लांब असतो. ॲक्टिवावर मागे बसलेला मित्र तो उभा धरून नंदनवनहून धरमपेठेपर्यंत येऊ शकतो, वळणांवर थोडी शिवीगाळ होते एवढंच. ८८ कीजचा पियानो मात्र चारचाकी आणि दोन माणसं मागतो. बिदागीतून गाडीभाडं वजा केलं की हातात काय उरतं, हे एकदा कागदावर मांडून बघा.

आणखी एक वर्ग आहे, ज्याला शहरी मुलं उगाच नाक मुरडतात: अरेंजर कीबोर्ड. यामाहाची पीएसआर-आय मालिका किंवा कॉर्गची पीए मालिका. पीएसआर-आयमधला 'आय' इंडियासाठी आहे. तबला, तानपुरा आणि आपल्याकडचे ठेके त्यात असतात, आणि आय५०० हे मॉडेल तर यामाहाच्या चेन्नईजवळच्या कारखान्यात तयार होतं. तो कारखाना २०१९ मध्ये सुरू झाला. रोलँडच्या एक्सपीएस-१० आणि एक्सपीएस-३० मध्येही भारतीय वाद्यांचे आवाज आहेत, म्हणून ऑर्केस्ट्रावाल्यांत ते इतके दिसतात. गायक ऐनवेळी 'केहरवा दे, जरा चढता' म्हणतो तेव्हा एका बोटाने ठेका सुरू करून देणारं वाद्य लागतं. तिथे माँटाज घेऊन मेनूत मेनू उघडत बसलात तर गायक तुमच्याकडे बघेल आणि लोक मोबाइलकडे.

घरी भारी, मांडवात पुचाट

नवशिक्यांना सगळ्यात मोठा धक्का आवाजाचा बसतो. घरी हेडफोनवर रात्र-रात्र जागून तयार केलेला पियानो-स्ट्रिंग्जचा मऊ, पसरट पॅच. कार्यक्रमाला तोच लावला आणि ऐकूच येईना! साउंडवाल्याला खूण केली, त्याने वाढवला, तर नुसता गुळगुळाट झाला. साउंडवाल्याची चूक असते कधीकधी, पण नेहमी नाही.

हेडफोनमध्ये तुमचे दोन कान दोन वेगळ्या गोष्टी ऐकतात. चांगला सॅम्पल केलेला पियानो दोन किंवा जास्त माइकने रेकॉर्ड केलेला असतो, डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. मांडवातली यंत्रणा बहुतेक वेळा मोनो असते; दोन्ही बाजू एकत्र केल्या की काही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात आणि पियानो पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटतो. म्हणून कीबोर्डच्या मागे 'एल/मोनो' लिहिलेल्या एकाच जॅकमधून आवाज द्यावा आणि लाइव्हसाठीचे पॅच घरीसुद्धा मोनोत, एका स्पीकरवर ऐकून बनवावेत. रिव्हर्ब घरी देखणा वाटतो. सभागृहाला स्वतःचा घुमारा असतोच, त्यात तुमचा मिसळला की चिखल. खालचे सूर बास गिटार आणि ढोलकीने आधीच व्यापलेले असतात, तिथे डावा हात आवरायचा. मधल्या पट्टीतला जरा टोकदार, घरी कर्कश वाटेल असा आवाजच मांडवात नीट पोचतो.

म्हणजे एकच वाद्य ठेवलं तरी पॅच दोन प्रकारचे ठेवावे लागतात. आणि एकाच वाद्यात दोन प्रकारचे पॅच ठेवले की एक दिवस घाईत एकावर दुसरा सेव्ह होतो. हे होतंच. मग तुमच्या गाण्यातला तो सुंदर पॅड गेला, कायमचा. पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्या, एवढंच सांगतो.

लाइव्हची आणखी एक मागणी घरी कधी येत नाही. रिहर्सल पांढरी चारमध्ये झालेली असते आणि मंचावर गायिका कानात सांगते, 'काळी चार दे ना.' तीन सेमिटोन वर, पुढच्या वीस सेकंदांत. ट्रान्सपोजचं बटण समोर, मोठं, अंधारात चाचपडून सापडणारं असेल तर ठीक. स्क्रीनवर तिसऱ्या पानात दडलेलं असेल तर ते वाद्य लाइव्हचं नाही, कितीही महाग असो. मराठी 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'च्या पर्वात सत्यजित प्रभूंना कीबोर्डवर बघत आपली पिढी मोठी झाली; त्यांचे आवाज किती पटकन आणि किती न अडखळता बदलतात हे पुन्हा बघा. सतारीवरून अकॉर्डियन, तिथून बासरीचा तुकडा. बोटांची तयारी तर आहेच. पण कुठला आवाज कुठल्या बटणावर आहे याचीही तेवढीच तयारी लागते, आणि ती रोज त्याच एका वाद्यावर हात फिरल्याशिवाय येत नाही. म्हणून लाइव्हचा कीबोर्ड दर वर्षी बदलू नये.

चरणजित सिंग यांची तीन यंत्रं

एके काळी हा प्रश्नच नव्हता, कारण रेकॉर्डिंग हेच लाइव्ह होतं. मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत गायक आणि डझनावारी वादक एकदम वाजवायचे. एकाची चूक म्हणजे सगळ्यांचा पुन्हा टेक. १९७० च्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मिनीमूग सिंथेसायझर हिंदी सिनेमाच्या संगीतात आणला, तेव्हा तो यंत्र-वाद्याचा आवाजही त्याच गर्दीत, त्याच टेकमध्ये वाजायचा. वाद्य घेऊन सेशनला जायचं, वाजवायचं, परत आणायचं.

त्याच जगातले चरणजित सिंग. सिनेमाच्या सेशनमध्ये वाजवायचे, आणि लग्न-समारंभांत स्वतःचा ऑर्केस्ट्राही. म्हणजे आपल्यासारखेच, दोन्ही डगरींवर पाय. रोलँडची ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही त्या वेळची अगदी नवी यंत्रं त्यांनी मिळवली. ज्युपिटर वीस किलोंच्या वर, तर ३०३ पुस्तकाएवढं. सगळीकडे डिस्को चालू होतं, तर आपण वेगळं काहीतरी करू, या स्वतःच्याच कल्पनेवरून त्यांनी या तिघांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. १९८२ मध्ये एचएमव्हीने ती रेकॉर्ड काढली. खपली नाही. वीस वर्षांनी, २००२ मध्ये, एका डच संग्राहकाच्या हाती ती जुनी प्रत लागली; २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली आणि जग चक्रावलं. कारण ३०३ चा तो पिळवटणारा आवाज शिकागोच्या ॲसिड हाउसवाल्यांनी १९८७ मध्ये गाजवला, आणि हा माणूस मुंबईत पाच वर्षं आधी त्यावर भैरव वाजवून बसला होता. २०१५ मध्ये ते गेले. त्याआधी म्हातारपणी युरोपात जाऊन त्यांनी हे संगीत मंचावर वाजवलं.

या गोष्टीत मला रस आहे तो एका साध्या कारणासाठी. पोटापाण्याच्या वाजवण्याला त्या रेकॉर्डची गरज नव्हती. यंत्रांसोबत एकांतात घालवलेला वेळ होता म्हणून ती झाली.

दुसऱ्या टोकाला ए. आर. रहमान यांचं घर. वडील आर. के. शेखर १९७६ मध्ये गेले तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा. घर चाललं ते वडिलांची वाद्यं भाड्याने देऊन. तोच मुलगा पुढे इतरांच्या वाद्यवृंदांत कीबोर्ड वाजवत फिरला आणि १९८९ मध्ये घराच्या आवारात स्वतःचा स्टुडिओ उभा केला. 'रोजा' त्यानंतर तीन वर्षांनी आला. भाड्याची ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण मोठ्या कार्यक्रमांना बाहेरून येणारे कीबोर्डवादक सहसा स्वतःचं वाद्य उचलून आणत नाहीत. ते मॉडेलचं नाव कळवतात, इथला साउंडवाला ते भाड्याने आणून ठेवतो, आणि ते पेन ड्राइव्हमधून आपले पॅच त्यात ओततात. तुमचा लाइव्ह कीबोर्ड असा लोकप्रिय मॉडेलचा असेल तर तोही महिन्यातून दोनदा तुमच्याशिवाय कमवून आणू शकतो. ओळखीच्या माणसालाच द्या, आणि अडॅप्टर मोजून परत घ्या.

मग आधी कोणता?

सगळ्यांच्या खिशाला एकदम दोन परवडत नाहीत, आणि घ्यायचीही गरज नाही. माझं मत स्पष्ट आहे: आधी लाइव्हचा घ्यावा, हलका, ६१ कीजचा, यूएसबी मिडी असलेला. तो कमावतो. घरी असेल तेव्हा त्याच यूएसबी वायरने लॅपटॉपला जोडला की तो स्टुडिओचा कीबोर्डही होतो. हे शक्य आहे ते मिडीमुळे. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांनी हा एक सामाईक करार मान्य केला आणि तेव्हापासून एका कंपनीच्या कीज दुसऱ्या कंपनीचा आवाज वाजवू शकतात.

पहिल्या सीझनचे पैसे हातात आले की दुसरा मोठा सिंथ घ्यायला पळू नका. घरच्या टेबलावर कायम राहायला पाच ते दहा हजारांतला छोटा मिडी कंट्रोलर पुरतो, पंचवीस किंवा एकोणपन्नास कीजचा. त्याला स्वतःचा आवाज नसतो, आवाज लॅपटॉपमधला. दुकानात 'यात तबला आहे का' असं कोणी विचारलं तर उत्तर 'यात काहीच नाही' असं आहे, आणि घरच्यांना हे समजावणं अवघड जातं हे मान्य. पण तो जागेवर असतो. वायर लागलेली असते. मुद्दा तोच आहे.

उरलेले पैसे ऑडिओ इंटरफेसवर आणि बऱ्या हेडफोनवर घाला. लॅपटॉपच्या साध्या साउंड कार्डवर की दाबल्यापासून आवाज येईपर्यंत जो उशीर होतो, त्याने ताल बिघडतो आणि मुलं स्वतःच्या हाताला दोष देतात. हिशोब सोपा आहे: ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद. ५१२ चा म्हणजे ११.६. हवेतून आवाजाला एक मीटर यायला साधारण तेवढेच, २.९ मिलिसेकंद लागतात. म्हणजे ५१२ वर वाजवणं हे चार मीटर लांब ठेवलेल्या स्पीकरवर वाजवण्यासारखं. मंचावर तेवढं आपण सहन करतोच. १०२४ वर गेलात की स्पीकर आठ मीटर लांब गेला. तिथे ढोलकीसोबत बसणं कठीण.

अपवाद एकच. पियानो गंभीरपणे शिकत असाल, परीक्षा देत असाल, तर उलट करा. जड कीजचा ८८ घरी आधी आणा आणि कार्यक्रमासाठी मागून घ्या, भाड्याने घ्या, काहीही करा. हलक्या कीजवर बोटांना लागलेली सवय नंतर सुटत नाही.

आणि हो, कराओके. ट्रॅकवर गाण्याचे कार्यक्रम आपल्याकडे इतके वाढलेत की कीबोर्डवाल्याची खुर्चीच काढून टाकायची पाळी आली आहे. पण ते ट्रॅक कोणीतरी बनवतंच ना? मूळ गाण्याचा ट्रॅक गायकाच्या पट्टीत, मधलं म्युझिक कमी करून, शेवट मंचाला साजेसा करून हवा असतो, आणि ते काम घरच्या त्या छोट्या कंट्रोलरवर होतं. मांडवातली सुपारी कमी झाली तर घरचं टेबल ती कमतरता थोडीफार भरून काढू शकतं.

बॅगेत काय, आणि विकत घेताना

लाइव्हच्या बॅगेत त्या वाद्याचाच अडॅप्टर हवा, आणि त्यावर मार्करने नाव लिहिलेलं. दुसऱ्या कंपनीच्या अडॅप्टरची पिन अगदी नीट बसते, पण पोलॅरिटी उलटी असू शकते, मग धूर. एक जादा केबल, एक्सटेन्शन बोर्ड, काळी चिकटपट्टी, झाकायला जाड ओढणी. डीआय बॉक्स स्वतःचा घेतलात तर उत्तम: साध्या केबलने वीस मीटर लांबच्या मिक्सरपर्यंत गेलात तर वाटेत लाइटिंगची गुणगुण गोळा होते, डीआय ती बरीच थांबवतो. स्टँड एका नळीच्या एक्सचा असेल तर जोरदार गाण्यात डुलतो, दुहेरी नळीचा घ्या.

पहिला लाइव्ह कीबोर्ड जुना घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त विकणाऱ्याच्या घरी जाताना स्वतःचे हेडफोन न्या आणि घाई करू नका. तासभर चालू ठेवा, गरम झाल्यावर बघा. प्रत्येक की आधी अगदी हळू, मग जोरात दाबा, खालून वरपर्यंत सगळ्या एकसष्ट. हळू दाबून किंचाळणारी की सापडली तर काँटॅक्ट बदलायचा खर्च धरा. जॅकमध्ये पिन घालून हलवा, खरखर येते का ऐका. सस्टेन पेडल लावा. पॅच सेव्ह करा, बंद करा, पुन्हा चालू करा, राहिलाय का बघा. शेवटी मोबाइलवर तानपुरा लावा, षड्ज धरा, पिच बेंड पूर्ण ओढून सोडा. सूर परत तंतोतंत जागेवर आला पाहिजे. जरा जरी खाली-वर राहिला, तर चहा प्या, आभार माना आणि निघा.